लीळाशोधक म्हाइंभट आणि नित्याचा दिवस

पंथीय साधकाचा दिवस ठरलेला असतो. पहाटेचे स्मरण, पूजावसर, पारायण, अटन, भिक्षा, भोजन, निरूपणाचे श्रवण आणि पुन्हा सायंकाळचे स्मरण, हा क्रम वर्षानुवर्षे चालत राहतो. वासनिकाचा दिवसही त्याच्या परीने ठरलेलाच. शेत, दुकान, कचेरी, मुलेबाळे, आणि त्यातून काढलेली नामस्मरणाची घटका. असा क्रम हितकर आहे यात संशय नाही. परंतु त्याच्या पोटात एक धोका दडलेला असतो आणि तो जुन्या साधकांना चांगला ठाऊक असतो. जे रोज घडते ते हळूहळू दिसेनासे होते. ज्या पोथीची पाने आपण रोज उलटतो तिची अक्षरे जिभेवरून घरंगळतात आणि मन भलतीकडे राहते. लीळाचरित्राच्या वाचनात हा धोका अधिकच संभवतो, कारण तो ग्रंथच नित्याच्या गोष्टींनी भरलेला आहे. गोसावी कोठे आसनस्थ झाले, कोणत्या दिशेस विहरणास गेले, आरोगणा कोठे झाली, पहुड कोठे झाला, हे वाचताना पुष्कळजण पान ओलांडून पुढे जातात आणि निरूपण कोठे आले आहे ते शोधू लागतात. अशा वेळी क्षणभर थांबून ते पान लिहिणाऱ्याकडे वळून पाहावे, एवढ्यासाठी म्हाइंभटांचे चरित्र येथे सांगावयाचे आहे.

म्हाइंभट हे सराळे गावचे. काळ तेराव्या शतकाचा, देवगिरीच्या यादवांच्या राज्याचा. घर संपन्न होते आणि विद्याही संपन्न होती. गणपती आपयो यांच्याजवळ त्यांनी शास्त्रांचे अध्ययन केले आणि तत्कालीन पंडितमंडळींत नाव मिळविले. त्या काळी पंडिताचे मोठेपण वादसभेत ठरत असे. समोरच्याचे म्हणणे ऐकायचे ते त्यातील छिद्र सापडावे म्हणून. समोरचा मनुष्य कसा बसला आहे, त्याच्या मुखावर कोणता भाव आहे, तो कोठून चालत आला आहे, याच्याशी वादाला कर्तव्य नसे. मनुष्य हा केवळ एक पूर्वपक्ष. वर्षानुवर्षे असे ऐकण्याची सवय झालेल्या बुद्धीला जग मोठे निरुंद होऊन बसते. म्हाइंभटांना विद्येचा अभिमान होता असे परंपरा सांगते, आणि तो अभिमान त्यांच्या चरित्रातला दोष म्हणून सांगितला जातो. प्रस्तुत लेखकास त्या अभिमानाचे एक अंग अधिक महत्त्वाचे वाटते. अभिमानी पंडिताला पाहण्याची गरजच उरत नाही. जे समोर येईल त्याचे नाव त्याला आधीच ठाऊक असते.

सर्वज्ञ श्रीचक्रधरस्वामींची कीर्ती ऐकून म्हाइंभट गोदातीरीच्या डोमेग्रामास, म्हणजे आजच्या कमालपुरास, गेले. वाद करावा, आपली विद्या दाखवावी आणि जमल्यास समोरच्याची परीक्षा घ्यावी, हा हेतू होता. घडले ते वेगळे. त्यांच्या विद्येचा प्रश्न सर्वज्ञांनी त्यांच्याच अनुभवाकडे वळविला, आणि जे आपण जाणतो असे म्हाइंभट समजत होते ते केवळ शब्दांनी जाणलेले आहे ही गोष्ट त्यांच्या प्रत्ययास आली. या प्रसंगाचे वर्णन पंथात अनेकांनी केले आहे. त्यात पराभवावर भर असतो. पण ज्याचा पराभव झाला तो मनुष्य पुढे आयुष्यभर दुसऱ्यांना प्रश्न विचारीत हिंडला, आणि ते प्रश्न कोणाला हरविण्यासाठी नव्हते, ही गोष्ट लक्षात घेतली म्हणजे डोमेग्रामात त्यांना काय मिळाले याचा खरा अंदाज येतो.

सर्वज्ञांच्या संनिधानाचा लाभ म्हाइंभटांना दीर्घकाळ झाला नाही. बाइसांनी अष्टौप्रहर सेवा केली, भटोबासांनी मागोमाग अटन केले, महदाइसांनी शंका विचारून विचारून निरूपणे करविली. तसे भाग्य त्यांच्या वाट्यास फारसे आले नाही. त्यानंतर सर्वज्ञांचे उत्तरापंथे गमन झाले. जे संनिधानी होते त्यांचे दुःख शब्दांत मावणारे नव्हते. आचार्य श्रीनागदेव, म्हणजे भटोबास, आणि इतर परिवार रिद्धपुरास श्रीगोविंदप्रभूंच्या सेवेसाठी आला. म्हाइंभटही घरदार आणि वित्त यांचा त्याग करून अनुसरले आणि रिद्धपुरास येऊन राहिले.

रिद्धपूर हे आज अमरावती जिल्ह्याच्या मोर्शी तालुक्यातील गाव. तेथे श्रीप्रभूंच्या लीळा चालू होत्या, आणि त्या कशा होत्या हे ध्यानात घेतल्यावाचून म्हाइंभटांच्या पुढील कार्याचा उगम कळणार नाही. श्रीप्रभू गावातून हिंडत. कोणाच्याही घरात जात. जातिपातीचा विधिनिषेध त्यांना नव्हता. महारामांगांच्या वस्तीतही ते तसेच जात आणि त्यांच्या पाण्याची चिंता वाहत. वाटेत दिसेल त्या वस्तूशी खेळत. ज्या वस्तूकडे गावातील माणसे जन्मभर पाहत आली आणि म्हणून जिच्याकडे कोणीच पाहत नव्हते, तिच्याजवळ ते थांबत. भिंत, विहीर, चूल, पाळणा, बाजारातली धान्याची रास, यांपैकी काहीच त्यांना जुने नव्हते. गावाने त्यांना वेडे म्हटले, देव म्हटले, आई म्हटले आणि बापही म्हटले. शास्त्रांच्या आधाराने ज्याने जग मोजले होते तो पंडित रोज हे पाहत होता. येथे मोजण्यासारखे काही नव्हते आणि पाहण्यासारखे मात्र अपार होते.

मूळ प्रसंग घडला तो रिद्धपुरातील वाजेश्वरीत. आचार्य तेथे एकांतात बसून सर्वज्ञांच्या लीळांचे स्मरण करीत असत. आपल्या पंथात स्मरण म्हणजे नाम, मूर्ती, लीळा आणि चेष्टा यांचे स्मरण, हे वाचकांस ठाऊकच आहे. त्यातील चेष्टा या शब्दावर थोडे थांबावयास हवे. बसणे, उठणे, मागे वळून पाहणे, विडा घेणे, वस्त्र सावरणे, मंद हसणे, हे जे देहाचे सहज व्यापार, त्यांना आपल्या शास्त्रात लीळेच्या बरोबरीने स्मरणाचे स्थान आहे. ज्याला जगातले इतर लोक क्षुल्लक म्हणून टाकतील ते आचार्य एकेक करून मनात आणीत होते आणि त्यात त्यांचा दिवस जात होता. म्हाइंभटांनी त्यांना विचारले की आपण काय करीत आहात. आचार्यांनी आपण गोसावियांच्या लीळा आठवीत असल्याचे सांगितले. म्हाइंभटांच्या मनात तेव्हा जे आले ते पंथाच्या इतिहासात निर्णायक ठरले. आचार्यांनी लीळा पाहिल्या, त्यांना त्या आठवतील. पण ज्यांनी पाहिल्या नाहीत त्यांनी पुढे कशाचे स्मरण करावे? स्वतः म्हाइंभट तरी त्याच न पाहिलेल्यांपैकी बव्हंशी होते. सर्वज्ञांचे भक्त हळूहळू म्हातारे होत होते. एकेकाबरोबर एकेक अंगण, एकेक वाट, एकेक दुपार कायमची नाहीशी होणार होती. म्हणून लीळा लिहून ठेवाव्यात अशी त्यांनी विनंती केली आणि आचार्यांनी ती मान्य केली. ज्या लीळा आचार्यांना प्रत्यक्ष ठाऊक होत्या त्या त्यांनी सांगाव्या, आणि ज्या दुसऱ्यांच्या संनिधानी घडल्या त्या त्या त्या व्यक्तीकडूनच घ्याव्या, असे ठरले.

येथून म्हाइंभटांचे खरे अटन सुरू झाले. ज्याच्याजवळ लीळा आहे त्याच्याकडे जावयाचे. तो पंडित असो, शेतकरी असो, गृहिणी असो. सांगणारा कामात असला तर त्याचे काम आटोपेपर्यंत थांबावयाचे, नाही तर त्याच्या कामाच्या जागी जाऊन ऐकावयाचे. वादसभेत मानाच्या आसनावर बसलेला पंडित आता कोणाच्या ओसरीवर, कोणाच्या बांधावर बसून आहे आणि समोरचा मनुष्य सांगतो आहे ते अक्षर न अक्षर घेतो आहे, हे चित्र मनापुढे आणावे. पोटासाठी भिक्षा होतीच. पण येथे मागणे दुहेरी होते. झोळीत अन्न आणि कानात लीळा.

विचारणाऱ्याला एक अडचण नक्कीच येत असली पाहिजे, आणि ज्याने कोणी आपल्या घरातील वृद्धांना जुन्या गोष्टी विचारल्या असतील त्याला ती समजेल. सांगणाऱ्याला अद्भुत ते आधी आठवते. शिकारी मागे लागलेला ससा येऊन सर्वज्ञांच्या मांडीतळी लपला आणि वाचला, हे कोण विसरेल? पण त्या वेळी ते कोठे बसले होते, कोणत्या झाडाखाली, मग पुढे काय बोलणे झाले, हे विचारले तर माणूस थबकतो. त्यात काय सांगावयाचे, रोजचेच होते, असे त्याला वाटते. संनिधानी असणाऱ्यांना सर्वज्ञांचे सकाळचे विहरण रोजचे झाले होते. दुपारची आरोगणा रोजची होती. रात्रीचा पहुड, पहाटेचा उपहुड रोजचा होता. प्रत्यक्ष परमेश्वर अवतार समोर वावरत असताना देखील मनुष्याच्या डोळ्यावर सवयीचा पडदा येऊ शकतो, हे लीळाचरित्रातील कितीतरी लीळांमधून उघड दिसते. भक्त रुसतात, हेवा करतात, झोपी जातात, बोलावले तर उशिरा येतात. गमनानंतर मात्र त्याच साध्या दिवसांसाठी ते तळमळत होते. म्हाइंभटांच्या प्रश्नांनी त्यांना तो दिवस पुन्हा एकदा, आणि पुष्कळांना बहुधा प्रथमच, नीट पाहावयास लावले. दार कोणत्या दिशेस होते? कोण कोण उपस्थित होते? आधी काय झाले होते? अन्न कोणी आणले? प्रश्न इतके साधे असले की उत्तर देणाऱ्याला डोळे मिटून त्या जागी परत जावेच लागते.

अशा रीतीने जमलेल्या लीळांची संख्या हजाराच्या वर गेली. शके १२०० म्हणजे इ. स. १२७८ च्या सुमारास ग्रंथ सिद्ध झाला असे मानले जाते. एकांक, पूर्वार्ध आणि उत्तरार्ध हे त्याचे तीन भाग सर्वांस परिचित आहेत. एकांकात सर्वज्ञांच्या एकाकी भ्रमणाचा काळ येतो. त्या काळी संनिधानी कोणी नव्हते. तेथील वृत्तांत स्वतः स्वामींनीच पुढे प्रसंगोपात्त भक्तांना सांगितला आणि भक्तांकडून तो म्हाइंभटांकडे आला. म्हणून एकांक आणि पुढील दोन भाग यांच्या वर्णनात फरक जाणवतो. ज्या प्रसंगाला साक्षी होते तेथे घर, अंगण, माणसे, पदार्थ यांनी लीळा भरून येते. जेथे नव्हते तेथे म्हाइंभट आपल्या पदरचे भरत नाहीत. एखाद्या चरित्रकाराला हा मोह आवरणे किती कठीण असते हे लेखनाचा थोडाही अनुभव असलेल्यांस सांगावयास नको.

ग्रंथात मांडे येतात, आंबील येते, पासवडी येते. बाइसांची पाकसिद्धी येते आणि अवेळी आलेल्या माणसांवरचा त्यांचा रागही येतो. पैठण, वेरूळ, लोणार, बेलापूर, बीड येथील मठ, देवळे आणि त्यांचे सोपे येतात. संस्कृतात प्रवीण असलेल्या या पंडिताने हे सारे लोकांच्या मराठीत लिहिले, जशी ती स्वयंपाकघरात आणि वाटेवर बोलली जात होती तशी. यात आचार्यांची इच्छाही होती. संस्कृत रचना करू पाहणाऱ्या केशिराजबासांना त्यांनी म्हाताऱ्या साधिकांचा विचार करावयास सांगितला होता, ही आठवण प्रसिद्धच आहे. परंतु म्हाइंभटांच्या बाबतीत दुसरेही एक कारण असावे. संस्कृतात अन्न म्हटले की अन्न. तेथे आंबिलीचा वाडगा कसा यावा? वस्तू ज्या नावाने घरात वावरते तेच नाव घेतल्यावाचून ती वस्तू डोळ्यांपुढे उभी राहत नाही.

आणखी एका गोष्टीकडे लक्ष वेधावेसे वाटते. एकच लीळा दोन जणांनी दोन प्रकारे सांगितली असेल तर लीळाचरित्राच्या परंपरेत दोन्ही सांगणी राखली जातात. वासना आणि शोध या शब्दांखाली असे पाठभेद पोथ्यांमध्ये नोंदलेले आढळतात. ही रीत पुढील शोधकांनी वाढविली. पण साक्षीदाराला विचारून, त्याच्याच सांगण्याशी प्रामाणिक राहून लिहिण्याचा जो पाया म्हाइंभटांनी घातला त्यावरच ती उभी राहिली. प्रसंग या गावी झाला की त्या गावी, अमुक उपस्थित होता की नव्हता, एवढ्या बारीक गोष्टीसाठी कोणी इतके का श्रमावे? बाहेरच्या माणसाला हा प्रश्न पडतो. आपल्यातील निरूपणकाराला तो पडता कामा नये. केशिराजबासांनी लीळाचरित्रातूनच सर्वज्ञांची वचने वेचून सूत्रपाठ सिद्ध केला आणि ११४ दृष्टान्तांचा दृष्टान्तपाठही त्यांनीच लावला. सूत्र लहान असते. ते कोणास निरूपिले, कोठे, कोणत्या वेळी, कोणत्या निमित्ताने, हे कळले नाही तर त्याचा अर्थ भलतीकडे जातो. म्हणून तर आपल्या भाष्यपरंपरेत प्रकरणवशाला एवढे महत्त्व आहे. एखाद्या भक्ताच्या रुसव्यावर सांगितलेले वचन सर्वांसाठी सरसकट आज्ञा म्हणून घेतले, किंवा सर्वांसाठी केलेली आज्ञा एका व्यक्तीपुरती मानली, तर आचरणच बिघडते. अंगणातला तो क्षुल्लक वाटणारा तपशील येथे शास्त्राचा आधार होऊन बसतो. जात्यंध आणि हत्ती यांचा दृष्टान्त सर्वांस पाठ आहे. एकेका अवयवाला हात लावून पूर्ण हत्ती कळला असे मानणाऱ्यांत आणि प्रकरण न पाहता सूत्राचा अर्थ लावणाऱ्यांत फार अंतर नाही.

आता एक शंका अशी येईल, आणि ती साधकांकडून अनेक वेळा ऐकू येते. आपला आचारधर्म स्वदेशाचा, स्वग्रामाचा आणि आप्तसंबंधाचा त्याग सांगतो. एका ठिकाणी फार राहू नये, ओळख वाढवू नये, स्थळाचा लोभ धरू नये, असा दंडक आहे. मग ज्या ग्रंथात ओटे, दारे, पिंपळ, विहिरी यांची इतकी आत्मीयतेने नोंद आहे तो ग्रंथ या दंडकाशी कसा जुळतो? पुढे तर चौदाव्या शतकात स्थानपोथी झाली. तिच्यात गावोगावची स्थाने, त्यांच्या दिशा, कोणत्या जागी आसन झाले आणि कोणत्या जागी आरोगणा झाली, यांची नोंद केलेली आहे. हा आसक्तीचाच प्रकार नव्हे काय?

शंका उथळ नाही. तिचे उत्तर म्हाइंभटांच्या चरित्रातच पाहावे. त्यांनी सराळे सोडले. घराची, वित्ताची, मानाची ओढ सोडली. ज्या ज्या गावाचे वर्णन त्यांनी लिहिले त्या कोणत्याही गावी त्यांचे स्वतःचे काही नव्हते. आसक्त मनुष्य आपल्या घराकडे पाहत नसतो, तो ते धरून बसलेला असतो. चाळीस वर्षे ज्या उंबऱ्यावरून जा ये केली त्याचे लाकूड कोणते, हे विचारले तर घरधन्याला पुष्कळदा सांगता येत नाही; पण उंबरा कोणी सरकवला तर तो भांडावयास उठतो. याउलट अटन करणाऱ्या भिक्षूसमोर आज जे गाव आहे ते काल नव्हते आणि उद्या असणार नाही. झोळीत आज काय पडेल हे त्याला ठाऊक नसते. आज मिळालेली भाकर कालच्या भाकरीसारखी नसते. म्हणजे जो त्याग दृष्टी बोथट करील असे वाटते तोच ती ताजी राखतो. अर्थात अटन पायांनी होते आणि मन मात्र मागच्याच गावी बसून राहते असेही घडते. तसे झाले तर फिरूनही उपयोग नाही. परंतु दंडकाचा हेतू डोळे मिटून चालावे असा नाही, एवढे निश्चित.

शिवाय म्हाइंभटांच्या नोंदीत स्थळ हे स्थळासाठी येत नाही. या ओट्यावर गोसावी बसले होते, म्हणून हा ओटा. या दारातून ते बाहेर पडले, म्हणून हे दार. त्यामुळे साधे दगडमातीचे बांधकाम एका वेगळ्याच मोलाचे ठरते, आणि तरीही ते कोणाच्या मालकीचे होत नाही. स्थानवंदनास जाणारा भक्त त्या जागी दंडवत घालतो आणि उठून पुढे जातो. वासनिकाने गृहस्थाश्रमात राहून हे कसे साधावे, हा प्रश्न निराळा आणि अधिक कठीण आहे, कारण त्याला त्याच उंबऱ्यावरून पुन्हा आत यावयाचे असते. लीळाचरित्रात उपदेश घेऊन घरी राहिलेले कितीतरी भक्त आहेत. सर्वज्ञ त्यांच्या घरी गेले, त्यांच्या ओसरीवर बसले, त्यांनी वाढलेले जेवले. त्या घरांची माणसे पुढे त्याच ओसरीवर धान्य निवडीत बसली असतील. त्यांना ती ओसरी कशी दिसत असेल, एवढा विचार घरी राहणाऱ्याने अवश्य करावा.

श्रीप्रभूंचे प्रयाण शके १२०९ च्या सुमारास झाले. त्यानंतर म्हाइंभटांनी त्यांच्याही लीळा संकलित केल्या. तेच श्रीगोविंदप्रभुचरित्र, ज्याला ऋद्धिपूरचरित्र असेही म्हणतात. या कार्यात त्यांची स्थिती पहिल्यापेक्षा वेगळी होती. लीळाचरित्र लिहिताना ते बहुतांशी दुसऱ्यांच्या डोळ्यांनी पाहत होते. रिद्धपूर मात्र त्यांनी स्वतः पाहिले होते. राजमठ, बाजार, देवळे, गल्ल्या त्यांच्या पायांखालच्या होत्या. पण लिहिण्याची रीत त्यांनी बदलली नाही. येथेही माणसांना विचारणे आहे, येथेही लहानशी लीळा, साधे वाक्य, आणि लेखक स्वतः कोठेतरी कडेला. ज्याला एके काळी सभेत आपले नाव गाजावे असे वाटत होते त्याने पंथाचे दोन आद्य चरित्रग्रंथ लिहिले आणि दोहोंत आपल्या विद्वत्तेचे प्रदर्शन कोठेही केले नाही.

ग्रंथावर पुढे संकट आले. देवगिरीवर दिल्लीच्या सैन्याच्या स्वाऱ्या झाल्या त्या धामधुमीत, पंथीय परंपरा जिला खालशाची धाड म्हणते त्या काळी, लीळाचरित्राची मूळ प्रत नष्ट झाली. एवढ्या वर्षांचे अटन, एवढ्या ओसऱ्यांवर बसून केलेले श्रवण एका लुटीत गेले. जे राहिले ते ऐकणाऱ्यांच्या आठवणीत. परंपरा सांगते की हिराइसा या एकपाठी होत्या, आणि त्यांच्या स्मरणातून ग्रंथाचा पाठ पुन्हा उभा राहिला. इतरांनीही आपापल्या आठवणीप्रमाणे पाठ सिद्ध केले. त्यातूनच पाठांच्या निरनिराळ्या परंपरा झाल्या. या प्रसंगी एक गोष्ट विस्मयाची वाटते. मनुष्याची आठवण सहसा सार राखते आणि तपशील गाळते. येथे मात्र आसन, विहरण, आरोगणा, पहुड हे सारे पुन्हा लिहिले गेले. कोण कोठे बसले होते, दार कोणीकडे होते, कोणाच्या हातची आंबील होती, हेही आले. ज्यांनी ते ऐकले होते त्यांनी ते वगळण्याजोगे मानलेच नव्हते.

नंतरच्या काळात पंथीय ग्रंथ सकळ आणि इतर सांकेतिक लिप्यांत लिहिले जाऊ लागले आणि पोथ्या मठांमठांतून बांधून राहिल्या. विसाव्या शतकाच्या आरंभी त्या लिप्यांचा उलगडा बाहेरच्या अभ्यासकांना झाला. १९३६-३७ पासून ह. ना. नेने यांनी लीळाचरित्र छापून प्रसिद्ध करण्यास आरंभ केला. तेव्हा मराठी वाचकांना कळून आले की सातशे वर्षांपूर्वीची माणसे काय खात, काय नेसत, कशी भांडत, कशी हसत, हे सांगणारे गद्य आपल्या भाषेत होते. यादवांचे शिलालेख आहेत, ताम्रपट आहेत, त्यांत राजांची नावे आणि दाने आहेत. त्या राज्यातल्या एखाद्या दुपारी एखाद्या ओसरीवर काय चालले होते, हे मात्र म्हाइंभटांनी विचारले म्हणून उरले. २०२४ साली मराठीस अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, आणि रिद्धपूर येथे मराठी भाषा विद्यापीठही स्थापन झाले आहे. वाजेश्वरीच्या स्थानी आजही यात्रेकरू दंडवत घालतात. आचार्य तेथे बसून आठवीत होते, आणि म्हाइंभट त्यांच्याजवळ येऊन, आपण काय करीत आहात, एवढेच विचारण्यासाठी थांबले होते.